रेवणसिद्ध थांबला नाही

डॉक्टर गुरुसिद्धप्पा हैदराबादेहून नळदुर्गला परत आले, तेव्हा गावाला वाटलं, आता तापाला, खोकल्याला, अडलेल्या बाळंतपणाला हक्काचा माणूस मिळाला. तसा तो मिळालाही. पण डॉक्टरांचं खरं काम निराळं होतं आणि ते गावाला समजावून सांगणं अवघड होतं.

हैदराबादेत ते मनोरुग्णांच्या इस्पितळात नोकरीला होते. तिथले वरिष्ठ डॉक्टर रोग्यांची लघवी तपासत, वजनं करत, कुणी मेला तर मेंदू कापून बघत. गुरुसिद्धप्पा व्हरांड्यात रोग्याशेजारी बसायचे आणि विचारायचे, "तुला जो आवाज ऐकू येतो, तो कोणत्या भाषेत बोलतो?" घरात तेलुगू बोलणारा विणकर सांगायचा, माझा आवाज उर्दूत हुकूम सोडतो. एक कानडी बाई म्हणायची, मला शिव्या मराठीत ऐकू येतात, सासरच्या बोलीत. असे पुष्कळ रोगी विचारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की माणूस ज्याला भितो त्याच्या भाषेत आवाज बोलतो. वरिष्ठांना यात काही शास्त्र दिसलं नाही. गुरुसिद्धप्पांनी राजीनामा दिला आणि गावी येऊन वडिलांच्या जुन्या दुकानात दवाखाना उघडला.

स्किझोफ्रेनिया हा शब्द नळदुर्गच्या पेठेत कुणाला सांगणार? ते 'आवाजाचं दुखणं' म्हणायचे. दवाखान्यात कुणी 'येडा' म्हटलेलं त्यांना खपत नसे.

एका दुपारी पेठेतल्या महालिंगप्पा तेलवाल्याची बायको शरणम्मा मलम मागायला आली.

"कशासाठी हवंय, अक्का?"

"बैलाचा पाय सोललाय, डाक्टरसाब. घोट्यापाशी."

"मग ढोरांच्या डॉक्टरकडं जावं. माणसाचं मलम बैलाला कशाला?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. डॉक्टरांनी मलमाची डबी तिच्या हातात ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, "बैलाचं नाव काय?"

"रेवणसिद्ध," शरणम्मा म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

रेवणसिद्ध तिचा एकुलता मुलगा. वय पंचवीसच्या आसपास. उर्दू शाळेत शिकला, अक्षर सुरेख, म्हणून तुळजापूरच्या अदालतीत नक्कलनवीस म्हणून लागला. दिवसभर कागदांच्या नकला करायच्या. दाराशी उभा राहून चपराशी पुकारा करायचा, "अमुक वल्द तमुक, हाजिर हो!" आणि खेड्यातली माणसं पटका सावरत, धडपडत आत जायची. असंच एकदा रेवणसिद्धाला स्वतःचं नाव ऐकू आलं. रेवणसिद्ध वल्द महालिंगप्पा, हाजिर हो! तो लेखणी टाकून उठला आणि न्यायासनावरच्या मुन्सिफापुढं हात जोडून उभा राहिला. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी परत तेच झालं. मग जेवताना, अंघोळ करताना, झोपेतही पुकारा यायला लागला. नोकरी गेली. घरी आला, तर पुकारा त्याच्या मागोमाग नळदुर्गला आला. रस्त्यानं चालता चालता 'ठहरो' असा आवाज आला की तो जागच्या जागी थांबायचा. एक पाय पुढं, एक मागं, डोक्यावर ऊन, तसाच दुपारभर. पुढची आज्ञा येईपर्यंत हलायचा नाही. एकदा दुकानात आलेलं गिऱ्हाईक त्याला अदालतीतला चपराशी वाटलं. त्यानं वजनाचं माप उचलून गिऱ्हाइकाचं डोकं फोडलं. त्या दिवशी महालिंगप्पानं त्याला तेलाच्या डब्यांच्या कोठीत खांबाला साखळीनं बांधलं.

डॉक्टर त्यांच्या घरी गेले, तेव्हा महालिंगप्पा दारातच आडवा उभा राहिला.

"म्या बाप हाय, कसाई न्हाय," तो म्हणाला. "येरमाळ्याच्या येडाईच्या देवळात म्हैनाभर बसवला. दर्ग्यात नेला. वैद्याचा काढा पाजला. आता तुमी काय येगळं करनार?"

"मी त्याच्याजवळ बसणार."

"बसा. पण जरा लांब बसा."

गुरुसिद्धप्पा कोठीत पोत्यावर बसले. सुरुवातीचे काही दिवस रेवणसिद्धानं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. त्यांनी झोपेचं औषध सुरू केलं, घोट्याची जखम स्वतः धुतली. रोज यायचे, बसायचे, पान खायचे, जायचे. मग एक दिवस त्यांनी विचारलं, "रेवण्णा, तुझ्यावर खटला कसला आहे?"

"ठाऊक न्हाय. पुकारा येतो."

"तू अदालतीत कामाला होतास. पुकाऱ्याच्या आधी काय यावं लागतं?"

"समन्स," तो म्हणाला.

"तुला आलं का?"

"न्हाय."

"मग हा पुकारा कायदेशीर आहे का?"

रेवणसिद्धानं मान वर केली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं डॉक्टरांच्या डोळ्यांत पाहिलं. "न्हाय जी," तो म्हणाला. "बेकायदा हाय." आणि तो हसला. कोठीच्या दाराशी उभी असलेली शरणम्मा ते हसू बघून मागच्या मागं अंगणात गेली.

त्यानंतर काही आठवड्यांनी साखळी सुटली. महालिंगप्पानं स्वतः कुलूप काढलं, पण दिवसभर दुकान बंद ठेवून तो ओसरीवर काठी घेऊन बसला होता. काठीची गरज लागली नाही.

आवाज थांबले नव्हते. ते थांबतील असं डॉक्टरांनी वचनही दिलं नव्हतं. त्यांनी रेवणसिद्धाला एवढंच शिकवलं, की बेकायदा हुकमाला उत्तर द्यायचं नाही. हात धुताना पुकारा आला, तर हात धुत राहायचं. जेवताना आला, तर घास तोंडात घालायचा. सगळ्यात अवघड होतं ते चालणं. म्हणून रोज सकाळी दोघं घरापासून बोरी नदीपर्यंत जायला लागले. मागं थोड्या अंतरावर शरणम्मा. वाटेत आवाज आला की रेवणसिद्धाचे खांदे आवळायचे, पावलं जड व्हायची.

"काय म्हणतोय?" डॉक्टर विचारायचे.

"ठहरो म्हनतोय."

"मग?"

"चालायचं."

"मान खाली, पाऊल पुढं. कितीही ओरडला तरी थांबायचं नाही."

पहिल्यांदा तो किल्ल्याच्या बुरुजापाशीच थिजला. हळूहळू पुलापर्यंत जायला लागला. एका सकाळी तो नदीपर्यंत जाऊन परत आला आणि घराच्या उंबऱ्यात म्हणाला, "आज चारदा वरडला, डाक्टरसाब. म्या एकदाबी थांबलो न्हाय." शरणम्मानं त्या दिवशी पुरणाच्या पोळ्या केल्या.

हिवाळाभर तो चांगला राहिला. दुकानात बसून लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायला लागला. केस कापले. आईच्या ताटात जेवायला लागला, लहानपणी जेवायचा तसा. पेठेतल्या बायका शरणम्माला थांबवून विचारायच्या, "अक्का, पोरगं सुधारलं म्हनं?" आसपासच्या गावांतून एक-दोन बाप डॉक्टरांकडं येऊन गेले. आमच्याबी घरात असं हाय, पण बोलू नका कुठं. गुरुसिद्धप्पांच्या डोक्यात नव्या कामाचा आराखडा तयार व्हायला लागला. अशा माणसांसाठी चार खोल्या बांधाव्या, कुलूप नसलेल्या. रेवणसिद्धाची हकिकत नीट लिहून वैद्यकाच्या मासिकाला पाठवावी. हैदराबादेत ज्यांनी हसण्यावारी नेलं, त्यांना दाखवून द्यावं.

पण ते साल अठ्ठेचाळीस होतं. रजाकारांचे जथ्थे गावोगाव फिरत होते. घरं जळत होती. जी माणसं हलू शकत होती ती निजामाची हद्द ओलांडून सोलापूरच्या बाजूला चालली होती. उन्हाळ्यात पेठेतली निम्मी दुकानं बंद पडली. शरणम्माचा भाऊ हद्दीपलीकडं राहायचा. त्याच्याकडं जायचं ठरलं.

महालिंगप्पा डॉक्टरांना विचारायला आला. "म्या बैलगाडी घेऊन म्होरं जातो. गाडीत बाजरीची पोती दिसली तर सोडतील. पण रेवणचं काय? म्हनतो, साखळी लावून पोत्याखाली झाकून नेतो. वाटंत वरडला तर सगळेच मरू."

"साखळी नको," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "त्यानं पुन्हा साखळी बघितली तर इतक्या महिन्यांचं सगळं वाया जाईल. आईबरोबर चालत जाऊ द्या. दिवसा, उजेडी. नातेवाइकाकडं निघालेत असं दिसेल. तो चालेल. मला खात्री आहे."

"किल्ल्याजवळ रजाकारांचा नाका हाय."

"तिथं जायचंच नाही. शेताच्या वाटेनं नाका चुकवून पुढं रस्त्याला लागायचं."

"तुमच्या शब्दावर," तो शेवटी म्हणाला.

मायलेक सकाळी निघाले. जाताना दवाखान्यावरून गेले. रेवणसिद्धानं धुतलेलं धोतर नेसलं होतं. गळ्यातलं लिंग नव्या फडक्यात बांधलं होतं. त्यानं वाकून डॉक्टरांच्या पायाला हात लावला.

"परत आलो की अर्ज लिहायचं दुकान घालतो," तो म्हणाला. "पाटी लावतो."

"लाव," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "पहिला अर्ज माझा. चार खोल्यांसाठी जागा मागायची आहे."

दुपारी दवाखान्यापुढं कासीमभाईची गाडी येऊन उभी राहिली. कासीमभाई पेठेत माल वाहायचे. ते खाली उतरले, पण आत आले नाहीत. गाडीच्या चाकाला धरून उभे राहिले. डॉक्टर बाहेर आले. गाडीत शरणम्मा बसली होती आणि तिच्या मांडीवर रेवणसिद्धाचं डोकं होतं. तिनं आपल्या लुगड्यानं त्याची छाती झाकली होती. डॉक्टरांनी नाडी बघण्यासाठी हात पुढं केला, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

कासीमभाई म्हणाले, "मी मागून येत होतो. रजाकारांच्या त्या पोरांनी मलाही अडवलं. म्हटलं, गोळी मारायची तर मारा, पण मी याला उचलणार." त्यांनी गाडीत पाहिलं. "थांबला असता तर सोडला असता हो. का नाही थांबला?"

निरोप धाडल्यावर महालिंगप्पा अर्ध्या वाटेवरून माघारी आला. लिंगायत रीतीप्रमाणं रेवणसिद्धाला बसवून माती दिली. जंगमानं मंत्र म्हटले. खड्ड्याच्या कडेला डॉक्टर उभे होते. माती लोटून झाल्यावर महालिंगप्पा हात झटकत त्यांच्यासमोर आला. तो ओरडला नाही. त्याच्या आवाजात रागही नव्हता.

"साखळीत असता तर जिता असता," एवढंच तो म्हणाला आणि घराकडं चालता झाला.

गावानंही आपला निकाल देऊन टाकला. येडा तो येडाच. बंदूक रोखली तरी थांबला न्हाय. डाक्टरनं उगाच सोडला. गुरुसिद्धप्पांना ते रस्त्यात, दवाखान्यात, न्हाव्याच्या दुकानात ऐकू यायचं. दुखणं उलटलं असेल, असं त्यांनी स्वतःलाही सांगून पाहिलं. वाटेतल्या भीतीनं आवाज वाढले असतील आणि त्याला बाहेरचं काही कळलंच नसेल. तसं असतं तर दुःख होतं, पण त्याला शास्त्राचा आधार होता.

मग एका सकाळी शरणम्मा आली. बाकावर बसली.

"तुमास्नी सांगायचं ऱ्हायलं," ती म्हणाली. "आमी शेताच्या वाटंनं रस्त्याला लागलो. म्होरं वळनावर बाभळीखाली ती मानसं बसली व्हती. त्या जागी कदी नाका न्हवता. रेवण म्होरं, म्या मागं गाठोडं घेऊन. त्यातला एक उठला आन् वरडला, 'ठहरो! कौन है?' रेवणनं मान खाली घातली आन् चालत ऱ्हायला. तुमच्यासंगं नदीला जाताना चालायचा न्हवं, तसाच."

गुरुसिद्धप्पांनी हातातला औषधाचा खलबत्ता खाली ठेवला.

"त्यो परत वरडला. म्या बी वरडले, थांब रे बाळा, थांब! तवा त्यानं वळून माझ्याकडं बघितलं. पाय तसेच चालू. हसला माझ्याकडं बघून. म्हनला, 'अव्वा, बघ, म्या थांबलो न्हाय.'"

बाहेर कुणीतरी औषधासाठी हाक मारत होतं. डॉक्टर उठले नाहीत.

"खुश व्हता, डाक्टरसाब," शरणम्मा म्हणाली. "लई खुश व्हता. लोक म्हनत्यात, येडाच व्हता म्हून मेला. तसं न्हवतं. तुमी सांगितलं तसंच केलं त्यानं. हे तुमाला ठाऊक असावं म्हून आले."

ती उठली आणि निघून गेली. तिनं दोष देण्यासाठी सांगितलं की दिलासा देण्यासाठी, हे गुरुसिद्धप्पांना पुढं कधीच ठरवता आलं नाही. त्या आठवड्यात ते नवरा-बायको हद्दीपलीकडं निघून गेले.

पावसाळा सरता सरता सोलापूरकडून फौज आली. नळदुर्गच्या पुलावरून रणगाडे गेले आणि निजामाचं राज्य संपलं. गेलेली माणसं परत येऊन घरांवर छपरं घालायला लागली. गुरुसिद्धप्पा नव्या साहेबाकडं चार खोल्यांची जागा मागायला गेले. साहेब भला माणूस होता. "डॉक्टर, इथं शहाण्यांना राहायला घर नाही," तो म्हणाला. "वेड्यांचं पुढं बघू." वेडे म्हणू नका, असं सांगायचं डॉक्टरांच्या ओठांवर आलं होतं, पण त्या दिवशी ते तसेच परत आले.

त्यांनी रेवणसिद्धाची हकिकत लिहून काढली आणि मद्रासच्या एका मासिकाला पाठवली. संपादकांना ती आवडली. उपचार नवे आहेत, सुधारणा ठळक आहे, छापू. फक्त शेवट गाळावा, कारण बंदुकीच्या गोळीचा रोगाशी संबंध नाही. गुरुसिद्धप्पांनी लेख परत मागवला. शेवट गाळून ती हकिकत खोटी झाली असती.

मात्र त्यांनी उपचार बदलला. आवाजाकडं लक्ष देऊ नको, असं ते पुन्हा कुणाला म्हणाले नाहीत. आवाज आला तर शेजारच्या माणसाला विचारायचं, तुम्हाला ऐकू आला का, असं ते सांगायला लागले. त्यासाठी शेजारी माणूस हवा, आणि विचारल्यावर न हसता खरं सांगणारा हवा. कीर्तनाच्या मांडवात, बाजारात, जिथं कुणी दोन मिनिटं उभं राहू देईल तिथं ते हेच बोलायचे. लोक ऐकून घ्यायचे आणि मग कुणीतरी विचारायचं, "ते तेलवाल्याचं पोरगं तुमीच सोडलं व्हतं न्हवं?"

"होय," ते म्हणायचे. मांडव रिकामा व्हायचा.

दुसऱ्या वर्षी शरणम्मा आणि महालिंगप्पा परत आले. दुकान उघडलं. गुरुसिद्धप्पा एक दिवस धीर करून गेले. महालिंगप्पा उठून आत गेला. शरणम्मानं पाणी दिलं.

"अक्का, एक मागायला आलोय," ते म्हणाले. "माकणीला एक मुलगी आहे. नागम्मा. भावानं कडब्याच्या खोलीत कोंडलीय. मला दार उघडू देत नाहीत. तुम्ही आलात, दोन शब्द बोललात, रेवण्णा कसा सुधारला होता ते सांगितलंत, तर ऐकतील. माझं नाही ऐकत."

शरणम्मानं रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"तुमचं काम चांगलं हाय," ती म्हणाली. "म्या कदी वाईट बोलले न्हाय, बोलनारबी न्हाय. पर मला नेऊ नका. म्या गेले तर त्यांच्या पोरीकडं बघू का माझ्या पोराकडं? त्यो बरा झाला व्हता, असं चार लोकांत म्हनायचं, आन् मग ते इचारनार, आता कुठं हाय? मला न्हाय जमायचं, डाक्टरसाब. माझ्या तोंडून ते वदवून घेऊ नका."

"चुकलं माझं," गुरुसिद्धप्पा म्हणाले.

"चहा टाकते," ती म्हणाली. ते नको म्हणाले, पण तिनं टाकला. दोघांनी तिथंच बसून घेतला.

माकणीला ते एकटेच गेले. नागम्माचा भाऊ माणिकप्पा शेतकरी होता. त्यानं त्यांना अंगणात बाज टाकून दिली, पण किल्ली दिली नाही. "आमी ऐकलंय समदं," तो म्हणाला. "पोरगी कोंडलेली हाय, पर जित्ती हाय." डॉक्टरांनी फक्त दाराबाहेर बसायची परवानगी मागितली. माणिकप्पानं खांदे उडवले आणि तो शेतावर गेला.

गुरुसिद्धप्पा कडब्याच्या खोलीच्या दाराला पाठ लावून खाली बसले. आतून कडब्याची खसफस आली, मग थांबली. माणिकप्पाची बायको चन्नम्मा जवळच शेंगा निवडत बसली होती. उन्हं कलायला लागली, तरी आतून काही आवाज नव्हता. ते आपलं काहीबाही बोलत राहिले. यंदा तेरणा नदीला पाणी किती आहे, नळदुर्गचा बाजार आता कसा भरतो.

"कोन हाय?" फळीमागून एकदम प्रश्न आला. आवाज बसलेला, पुष्कळ दिवस न वापरलेला. "कोन बोलतंय भायेर? का कुनीच न्हाय?"

"मी डॉक्टर आहे. नळदुर्गचा."

"असं समदेच म्हनत्यात मला. खरं कशावरनं?"

गुरुसिद्धप्पांनी चन्नम्माकडं पाहिलं. "माझ्यावर विश्वास ठेवू नका," ते दाराकडं तोंड करून म्हणाले. "तुमची वहिनी इथं बसलीय. तिला विचारा."

मग नागम्मानं हाक मारली, "वैनी?"

चन्नम्मा दचकली. सुपातली शेंग तिच्या हातातच राहिली. किती दिवसांत तिला या दारामागून कुणी वैनी म्हणून हाक मारली नव्हती. तिनं डॉक्टरांकडं पाहिलं, शेताच्या बाजूला पाहिलं आणि उठून दारापाशी आली.

"हाय गं," ती फळीला तोंड लावून म्हणाली. "मानूस हाय. खराच हाय. म्या बी ऐकतेय."

दार त्या दिवशी उघडलं नाही. दिवेलागणीआधी गुरुसिद्धप्पा उठले, धोतर झटकलं आणि पुढच्या बाजारच्या दिवशी येतो असं दोघींनाही सांगून नळदुर्गच्या वाटेला लागले.